वाचकांचे प्रश्न : जनुकाचा कासरा कोणाच्या हाती?

गेल्या अंकात या सदरात, यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत जनुके तीच असताना त्यांची कामे इतकी निराळी का, याविषयी थोडक्यात लिहिले होते. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीजवळ प्रथिने घडवणारी सुमारे 20,000 जनुके असतात. त्यांतली काही ती वाचते, बाकीची मिटून ठेवते, आणि कोणते जनुक केव्हा, कुठे, किती वाचायचे हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला जनुक-अभिव्यक्तीचे नियमन म्हणतात, एवढाच त्या टिपणाचा आशय होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना महाविद्यालय सोडून वीस-पंचवीस वर्षे झाली आहेत आणि हा विषय ते कोणत्याही परीक्षेसाठी नव्हे, तर स्वतःच्या ओढीने, रात्री कामे आटोपल्यावर शिकत आहेत. त्यांतली चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी सावद्याजवळ केळीची शेती करतो. बारावी सायन्सनंतर बी.कॉम. केले. टिश्यू कल्चरची रोपे लावताना, एका इवल्याशा कोंबातून हजारो सारखी रोपे होतातच कशी, हा प्रश्न पडला आणि त्यातून जनुकांच्या वाचनाकडे वळलो. दोन वर्षे व्हिडिओ पाहतो आहे, वही भरली आहे. प्रमोटर, ऑपरेटर, एन्हान्सर, मिथायलेशन हे शब्द पाठ झाले, पण समजले असे वाटत नाही. सुरुवात कुठून करावी?
(एक वाचक, ता. रावेर)

उत्तर : आपल्या वहीत शब्द आले आहेत, पण ते कोणत्या प्रयोगातून आले हे बहुधा आलेले नाही, आणि या विषयातला शब्द प्रयोगापासून तोडला की हातात नुसते टरफल राहते. मी हे अनुभवाने लिहिते आहे. भुसावळला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना पहिली काही वर्षे मी लॅक ऑपरॉनची, म्हणजे जीवाणूतल्या लॅक्टोज वापरणाऱ्या जनुकांची आणि त्यांच्या नियंत्रणाची, आकृती फळ्यावर रंगीत खडूंनी काढत असे आणि मुलांकडून ती पाठ करून घेत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, रिप्रेसर नावाचा पदार्थ पेशीत आहे, हे त्यांना कळले कसे? त्यांना तो दिसला होता का?" मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला हा विषय पहिल्यांदा समजला, म्हणून आपणही तेथूनच सुरुवात करावी असे मी सुचवते.

पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी 1941 साली पूर्ण केलेल्या प्रबंधात एक साधे निरीक्षण होते. जीवाणूंना ग्लुकोज आणि दुसरी एखादी साखर, उदाहरणार्थ लॅक्टोज ही दुधातली साखर, एकत्र दिली, तर ते आधी ग्लुकोज संपवतात, मग काही काळ त्यांची वाढ थांबते आणि नंतर दुसऱ्या साखरेवर ती पुन्हा सुरू होते. त्या थांबलेल्या वेळात जीवाणू काय करतात? लॅक्टोज फोडणारे विकर (एन्झाइम) तयार करतात. म्हणजे ते विकर बनवण्याचे जनुक पेशीत होतेच, फक्त मिटलेले होते. (आपल्या घरच्या विरजणातले जीवाणूही लॅक्टोजवरच जगतात, पण त्यांची यंत्रणा निराळी आहे; येथे गोष्ट आतड्यातल्या ई. कोलायची आहे.)

पुढची कित्येक वर्षे समज अशी होती की लॅक्टोज आत येऊन जनुकाला काहीतरी चालना देत असावे. ती समज मोडली ती बिघडलेल्या जीवाणूंमुळे. काही जीवाणू असे सापडले की लॅक्टोज असो वा नसो, ते विकर बनवतच राहतात. त्यांच्यातले विकराचे जनुक ठणठणीत होते, बिघाड होता तो जवळच्याच दुसऱ्या एका जनुकात. त्याला 'आय' हे नाव मिळाले. आता प्रश्न असा की चांगले 'आय' जनुक काय करत असेल? आर्थर पार्डी, फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चांगले 'आय' आणि चांगले विकर-जनुक अशी जोडी एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ दिली; दुसऱ्यात ही दोन्ही जनुके निकामी होती आणि भोवतीच्या पाण्यात लॅक्टोजसारखे काहीही नव्हते. काही मिनिटांतच विकर बनू लागले. मग, बऱ्याच वेळाने, ते बनायचे थांबले. आपण येथे पुस्तक मिटून पाच मिनिटे विचार करावा. चांगले 'आय' जनुक चालना देणारे असते, तर विकर आधी बनले नसते आणि नंतर बनू लागले असते. घडले ते उलटे. नव्या पेशीत आधी रोखणारा पदार्थ, म्हणजे रिप्रेसर, नव्हता म्हणून जनुक लगेच वाचले गेले, आणि 'आय'ने तो पदार्थ पुरेसा बनवल्यावर वाचन थांबले. म्हणजे रिप्रेसर कोणालाही दिसला नव्हता. त्याच्या नसण्याने आणि नंतरच्या असण्याने काय बदलले, यावरून तो ओळखला गेला. हाताशी धरता येण्याजोग्या रूपात तो वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी 1966 मध्ये वेगळा केला; त्याच्या आधीच, 1965 मध्ये, जाकोब आणि मोनो यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले होते.

औताच्या बैलाला चालायला शिकवावे लागत नाही, कासरा सैल केला की तो पाऊल टाकतो. लॅक्टोजपासून पेशीत तयार होणारा एक पदार्थ रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसरची डीएनएवरची पकड सुटते आणि वाचन सुरू होते. साखर जनुकाला ढकलत नाही. ती कासरा सोडवते. अर्थात एवढ्यावर सगळे भागत नाही. ग्लुकोज संपत आल्यावर पेशीत एक संदेशरेणू वाढतो आणि त्याच्या साथीने एक वेगळे प्रथिन वाचनाला खरोखरच हात देते. तेव्हा कोणत्याही जनुकासमोर दोन प्रश्न ठेवावेत : त्याला रोखून कोण धरते, आणि पुढे कोण ढकलते? प्रमोटर ही वाचन सुरू होण्याची जागा, ऑपरेटर ही रोखणाऱ्याची बसण्याची जागा. हे शब्द या दोन प्रश्नांना जोडून लिहिले की पुन्हा पाठ करावे लागत नाहीत.

आता हेच आपल्या रोजच्या कामात पाहा. घड हिरवाच कापून रायपनिंग चेंबरमध्ये ठेवतात, 16 ते 18 अंश तापमानात साधारण 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) इथिलीन वायू सुमारे 24 तास देतात आणि मग चेंबर मोकळे करतात. वायू बंद झाल्यावरही केळी पिकतच जातात, कारण बाहेरच्या इथिलीनने फळाची स्वतःचे इथिलीन बनवणारी जनुके उघडलेली असतात, आणि ते इथिलीन शेजारच्या फणीलाही पुरते. गरात 20 ते 25 टक्के असलेला स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो, बाकीची साखर होते. यातली मौज अशी की इथिलीनसुद्धा कासराच सोडवते. वनस्पतीच्या पेशीतले इथिलीनचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे इथिलीन ओळखणारी प्रथिने) वायू नसताना स्वस्थ बसलेले नसतात. ते पिकण्याच्या संदेशाला सतत अडवून धरत असतात, आणि इथिलीन चिकटले की ते अडवणे थांबवतात. आतड्यातल्या जीवाणूत आणि सावद्याच्या केळीत रेणू पूर्णपणे वेगळे आहेत, तरी युक्ती एकच आहे.

आणखी एक गोष्ट आपण दर मे महिन्यात पाहत असाल : उन्हाच्या कडाक्यात उघड्यावर पिकलेल्या केळीचा गर मऊ आणि गोड होतो, पण साल हिरवीच राहते. आपल्याकडच्या कॅव्हेंडिश गटातल्या वाणांत तापमान साधारण 24 अंशांच्या वर गेले की सालीतले हरितद्रव्य नीट मोडत नाही. फळ एक, इथिलीन एक, पण गर आणि साल यांचे उत्तर वेगळे. 'पिकणे' हा एकच खटका आहे असे ज्याला वाटते, त्याला ही साल खोटे ठरवते. वहीच्या नव्या पानाची सुरुवात तिच्यापासून करावी.

टिश्यू कल्चरविषयी एवढेच, की कोंबाच्या टोकावरच्या पेशींजवळ पूर्ण झाडाची जनुके असतात, आणि बाटलीतल्या माध्यमातल्या ऑक्सिन व सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचे प्रमाण बदलले की मुळे फुटायची की कोंब, हे बदलते. जनुकांचा संच तोच राहतो.

प्रश्न : ताई, मी धडगाव भागातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. आमच्या मुलांमध्ये सिकलसेलचे वाहकही आहेत आणि रुग्णही. वर्तमानपत्रात वाचले की नव्या उपचारात बिघडलेले जनुक दुरुस्त न करता दुसरेच एखादे जनुक चालू करतात. बिघाड तसाच ठेवून आजार कसा आटोक्यात येतो? पालक विचारतात, तेव्हा मला नीट सांगता यावे म्हणून हे शिकायचे आहे.
(एक शिक्षिका, जि. नंदुरबार)

उत्तर : पालकांना नीट सांगता यावे म्हणून शिकणे, याहून मोठे कारण मला ठाऊक नाही, त्यामुळे हे उत्तर सविस्तर देते.

सिकलसेलमध्ये, रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदललेले असते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. जनुकात फरक एकाच अक्षराचा आहे. एवढ्याने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मुलाला हाडांत जी असह्य कळ येते ती यातून. आपल्या शाळेतली मुले थंडीच्या दिवसांत किंवा पाणी कमी प्यायल्यावर जास्त दुखते म्हणत असतील, तर तेही याच्याशी जुळते.

परंतु हा आजार घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने बहुधा ठीक असते. आपण हे पाहिले असेल; न्यूयॉर्कमधल्या जॅनेट वॉटसन या डॉक्टरांनी 1948 मध्ये याचा संबंध गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनशी जोडला. आईच्या पोटात बाळ बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी वापरते. तिचे जनुक वेगळे, त्यात काही बिघाड नाही, आणि गॅमा असलेले हिमोग्लोबिन त्या दोऱ्यांत गुंफले जात नाही. जन्मानंतरच्या महिन्यांत गॅमाचे जनुक मिटत जाते, बीटाचे उघडते आणि मग बिघाड अंगावर येतो. गॅमाचे जनुक कोठेही जात नाही. सत्तर वर्षांच्या आजीच्या पेशींतही ते शाबूत असते.

मग त्याचा कासरा कोणाच्या हाती? येथेही उत्तर निसर्गातल्या अपवादांनी दाखवले. काही कुटुंबांत मोठेपणीही गर्भाचे हिमोग्लोबिन भरपूर राहते आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो. अशा कोणाच्या वाट्याला सिकलसेलचे जनुक आले, तरी आजार पुष्कळ सौम्य असतो. सावद्याच्या वाचकांना वर सांगितलेल्या, विकर बनवतच राहणाऱ्या जीवाणूंची येथे आठवण यावी. पुढे अनेक माणसांच्या जनुकसंचांची तुलना करताना बीसीएल-11-ए या जनुकाकडे बोट गेले आणि 2008 मध्ये दिसून आले की त्याचे प्रथिन गॅमाला रोखून धरते.

ते जनुकच काढून टाकावे, असे मनात येईल. पण तेच प्रथिन मेंदूच्या वाढीत आणि रोगप्रतिकारक पेशी घडताना लागते. येथे मला पांझरेकाठची फड पद्धत आठवते. बंधारा एक, पाणी एक, पण पाटकरी ज्या फडाची चारी उघडतो तो फड भिजतो. एका फडाला पाणी नको असेल, तर बंधारा फोडत नाहीत, त्या फडाकडे जाणारी चारी बुजवतात. जनुकाजवळ, कधी त्याच्या आतल्या न वाचल्या जाणाऱ्या भागातही, असे लहान तुकडे असतात, जे एखाद्याच प्रकारच्या पेशीत त्या जनुकाचे वाचन वाढवतात. त्यांना एन्हान्सर म्हणतात. बीसीएल-11-एच्या आत असा एक तुकडा आहे, जो तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींपुरता काम करतो. तो 2013 मध्ये समजला. नव्या उपचारात रुग्णाच्याच रक्त घडवणाऱ्या मूळपेशी काढून क्रिस्पर या, डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राने नेमका तोच तुकडा मोडतात आणि पेशी परत देतात. मग तांबड्या पेशींमध्ये रोखणारे प्रथिन घटते, गॅमा उघडते, आणि मेंदूच्या व प्रतिकारक पेशींची चारी वाहती राहते. ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या उपचाराला मान्यता दिली.

पालकांना दुसरी बाजूही सांगावी. परत दिलेल्या पेशींना जागा व्हावी म्हणून आधी रुग्णाचा अस्थिमज्जा जोरदार औषधांनी रिकामा करावा लागतो, त्यासाठी दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागते आणि अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत 22 लाख डॉलर आहे. सातपुड्यातल्या मुलासाठी आज हाताशी असलेले औषध हायड्रॉक्सीयुरिया आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासण्या करत घेतलेली ही गोळीसुद्धा गर्भाचे हिमोग्लोबिन वाढवते. भारतातल्या पुष्कळ रुग्णांत ते मुळातच काहीसे जास्त आढळते, पण त्यावरून आपल्याकडे आजार सौम्यच असतो असे मानून दुखणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये.

प्रश्न : बीटी कपाशीचे जनुक प्रत्येक झाडात असते ना? मग हंगामाच्या शेवटी बोंडात अळी कशी निघते?
(एक कापूस उत्पादक, ता. शिंदखेडा)

उत्तर : झाडात जनुक असते हे खरे, पण अळीला मारते ते प्रथिन, आणि त्याचे प्रमाण सगळीकडे सारखे नसते. बीटी जीवाणूतून घेतलेल्या जनुकापुढे फुलकोबीवरच्या एका विषाणूचा प्रमोटर जोडलेला असतो. तो निवडण्याचे कारण असे, की त्याला झाडाचा कासरा फारसा लागत नाही आणि तो बहुतेक अवयवांत वाचन चालू ठेवतो. तरीही कपाशी जुनी होत जाते तसे प्रथिनाचे प्रमाण उतरते, आणि कोवळ्या पानांच्या मानाने पाते-फुलांत व बोंडाच्या सालीत ते कमी आढळते. अळीला हवे असते नेमके तेच.

दुसरे कारण नियमनाचे नाही, आनुवंशिकतेचे आहे. आपण लावतो ते संकरित बियाणे, आणि त्यात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेले असते. त्यामुळे एक जनुक धरले तर त्या झाडावरच्या बोंडांतल्या सुमारे चौथा हिस्सा सरक्यांत ते नसते, आणि गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. तिसरे, आणि सर्वांत मोठे, म्हणजे गुलाबी बोंडअळीतच प्रतिकारक्षमता आली. 2017 च्या हंगामाने महाराष्ट्राला ते फार महागात दाखवून दिले. या तीन कारणांची सरमिसळ करू नये, कारण उपाय वेगवेगळे आहेत. फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडे राखून घेतलेले पीक) न घेणे आणि पऱ्हाट्या वेळेवर उपटून नष्ट करणे हे शेवटच्या दोन महिन्यांतल्या उतरलेल्या प्रथिनावरही लागू पडते आणि अळीच्या पुढच्या पिढीवरही.

प्रश्न : माझे वय 61. बँकेतून निवृत्त झाले. आता हे शिकून होईल का, आणि मराठीतून शिकावे की इंग्रजीतून? आमच्या नात्यातील एकाने 'आहाराने जनुके बदला' अशा शिबिराला बरेच पैसे भरले आहेत, त्यात तथ्य आहे का?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर : वयाची काळजी करू नका. या विषयाच्या सुरुवातीच्या प्रयोगांना जे गणित लागते ते बँकेतल्या ताळेबंदापेक्षा सोपे आहे, आणि नोंद कशाशी जुळत नाही हे शोधण्याची आपली चाळीस वर्षांची सवय येथे थेट उपयोगी पडेल. भाषेबाबत माझे मत असे की विचार मराठीत करावा आणि नावे जशी रूढ आहेत तशी ठेवावीत. 'रिप्रेसर' म्हटले की 'रोधक' म्हटले याने काही अडत नाही, एका वहीत एकच शब्द वापरला म्हणजे झाले. राज्य मंडळाचे बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि त्यात लॅक ऑपरॉन आहे. तो भाग झाला की एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांची रेण्वीय जीवशास्त्रावरची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. मात्र दर व्याख्यानाला मध्येच थांबवून, पुढचा निष्कर्ष आधी स्वतः वहीत लिहावा आणि मगच पुढे ऐकावे. जिथे आपला निष्कर्ष चुकतो ते पान सगळ्यांत मोलाचे, ते खोडू नये.

शिबिराविषयी : आहाराने जनुके बदलत नाहीत. जनुकांची अभिव्यक्ती बदलते हे खरे, पण ती तर प्रत्येक जेवणानंतर, प्रत्येक झोपेनंतर, जिना चढल्यावरही बदलते, आणि त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही. डीएनएवर मिथाइलच्या खुणा बसतात आणि त्यांचा वाचनावर परिणाम होतो हेही खरे आहे. मात्र त्या खुणांपैकी बहुतेक पुढची पिढी घडताना पुसल्या जातात, त्यामुळे 'सात पिढ्यांचे दोष काढतो' अशा दाव्याला आधार नाही. शिबिर घेणाऱ्यांना विचारावे : कोणते जनुक, कोणत्या अवयवात, किती बदलले, कशाच्या तुलनेत, आणि किती दिवस टिकले? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पुढचा हप्ता भरू नये, असे त्या नातेवाइकांना माझ्या वतीने सांगावे.

सर्व वाचकांसाठी एक कोडे देते. एका जीवाणूत रिप्रेसर असा बिघडला आहे की तो डीएनएला घट्ट धरतो, पण लॅक्टोजपासून बनलेला पदार्थ त्याला चिकटूच शकत नाही. लॅक्टोज घातल्यावर हा जीवाणू विकर बनवील का? त्याच्या पेशीत चांगल्या रिप्रेसरचे एक जास्तीचे जनुक घातले, तर फरक पडेल का? आणि ते न घालता, रिप्रेसर ज्या ऑपरेटरवर बसतो तोच मोडला, तर काय होईल? तिन्ही उत्तरे कारणांसह कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावीत. चुकीच्या उत्तरांतली कारणेही पुढच्या अंकात घेणार आहे.